तलावातला मरळ नेमका कोणता? चार जाती वेगळ्या ओळखण्याची रीत

तीन वर्षांपूर्वी मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास मी शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मरळाची ३०० पिल्ले सोडली. विकणाऱ्याने ती मोठ्या मरळाची म्हणून दिली होती आणि पिशवीतल्या पाण्यात त्यांच्या अंगावर पट्टे असल्यासारखे दिसत होते, म्हणून मीही विश्वास ठेवला. दुसऱ्या वर्षी होळीनंतर बोडीचे पाणी आटले, तेव्हा हाती लागलेला सर्वांत मोठा मासा जेमतेम वितीएवढा भरला. ते ठिपक्यांचे मरळ होते, आणि त्या जातीचा मासा कितीही खाऊ घातले तरी साधारण फूटभराच्या पुढे वाढत नाही. दोन पावसाळ्यांची मेहनत गेली. ती वाचवायला पिशवी हातात असताना पाच मिनिटे पुरली असती, कारण या दोन जाती पिलूपणातही वेगळ्या ओळखता येतात. त्या पाच मिनिटांत काय पाहायचे, कोणत्या क्रमाने पाहायचे आणि कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे या लेखात सविस्तर लिहीत आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते, त्यांच्या खालच्या धानाच्या बांध्या, शेताशेतांतल्या बोड्या आणि वैनगंगा, चुलबंद, गाढवी यांसारख्या नद्या या सगळ्या पाण्यांत मरळ सापडतो. पश्चिमेकडे वर्धा आणि पैनगंगेच्या डोहांतही तो आहे. मात्र 'मरळ' हे एका माशाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे लागते. आपल्याकडच्या पाण्यात या कुळातले प्रामुख्याने चार मासे भेटतात. पहिला फूल मरळ, शास्त्रीय नाव चन्ना मारुलियस, हा चौघांत सर्वांत मोठा असून मीटरभराहून लांब होऊ शकतो. दुसरा पट्टेरी मरळ, चन्ना स्ट्रायटा, बाजारात ज्याला सर्वाधिक मागणी असते तो. तिसरा ठिपक्यांचा मरळ, चन्ना पंक्टाटा, साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत जाणारा. चौथा बुटका मरळ, चन्ना गाचुआ, जो २० सेंटिमीटरपर्यंतच थांबतो. शेवटच्या दोघांना कुठे डोकऱ्या म्हणतात, कुठे बोटरी, आणि पुष्कळदा दोघांना एकच नाव असते. चार कोसांवर नाव बदलते, म्हणून या लेखात मी अंगावरच्या खुणेवरून पडलेली नावेच वापरली आहेत.

आधी हा मरळच आहे ना, ते पाहा

हे काम सोपे आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मरळाचे शरीर पुढून गोल दांड्यासारखे आणि मागे किंचित चपटे असते. डोके वरून दाबल्यासारखे रुंद असून त्यावर सापाच्या डोक्यावर असतात तशा मोठ्या खवल्यांच्या चकत्या असतात. पाठीवर एकच लांब पर, म्हणजे पोहण्याचा पंख, असतो, जो डोक्याच्या थोडा मागून सुरू होऊन शेपटीजवळ संपतो, आणि त्यात एकही टोचणारा काटा नसतो; पराला आधार देणाऱ्या सगळ्या काड्या मऊ असतात. शेपटीचा पर गोल, हातपंख्यासारखा असतो. रोहू-कटल्यासारखी त्याची शेपटी मधोमध दुभंगलेली नसते.

गल्लत होते ती तीन-चार माशांशी. मांगूर आणि सिंघी यांचाही आकार लांबट आणि रंग काळपट असतो, पण त्यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती लांब मिशा असतात. मरळाला मिशा नसतात. त्याच्या नाकपुडीतून एक बारीक नळी पुढे आलेली असते आणि नवख्याला ती मिशीसारखी वाटते, म्हणून खवले आहेत की नाहीत, हे आधी बोटाने तपासावे. अर्थात, चिखलात हात घालून चाचपताना सावध राहावे, कारण सिंघीच्या छातीच्या पराचा काटा विषारी असतो आणि त्याची ठणक बराच वेळ राहते. मरळाचा काटा नसला तरी त्याचे दात तीक्ष्ण असतात, तेव्हा त्याच्या तोंडात बोट जाऊ देऊ नये. नदीच्या वाळूत तळाशी बसणारा गोबी हा मासाही लहान मरळासारखा दिसतो, पण त्याच्या पाठीवर दोन वेगवेगळे पर असतात आणि पोटाखालचे दोन्ही पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. वाम मासा तर इतका लांब आणि टोकदार तोंडाचा असतो की त्याची गल्लत होऊ नये.

अलीकडे मोबाईलवर परदेशी गळवाल्यांची चित्रफीत पाहून आमच्याकडची काही पोरे मरळाला 'बास' म्हणू लागली आहेत. दोघेही गोड्या पाण्यातले दबा धरून शिकार करणारे मासे आहेत, म्हणून ही गल्लत समजण्यासारखी आहे, पण दोघांचा संबंध नाही. अमेरिकेतल्या बास माशाच्या पाठीवरच्या पराचा पुढचा भाग टोकदार काट्यांचा असतो आणि मागचा मऊ. आपल्या किनाऱ्यावरचा जिताडा, जो गोड्या पाण्याच्या तळ्यातही वाढवतात आणि बाजारात 'सी बास' म्हणून येतो, त्याच्याही पाठीवर असेच पुढे काटे असतात. तिकडचे लोक लार्जमाउथ बास आणि स्मॉलमाउथ बास या दोन जाती वेगळ्या करताना वरचा जबडा डोळ्याच्या मागे जातो की नाही, ही खूण पाहतात. त्यातला विचार मात्र आपल्या उपयोगाचा आहे. जबड्याची लांबी पाण्याच्या रंगाबरोबर बदलत नाही, आणि ओळख पटवायची तर अशाच न बदलणाऱ्या खुणा धरायला हव्यात.

रंगावर विश्वास का ठेवायचा नाही

मरळाचा रंग पाण्याप्रमाणे, वयाप्रमाणे आणि त्याच्या मनःस्थितीप्रमाणेही बदलतो. कमळवेलींनी झाकलेल्या काळ्या पाण्यातला पट्टेरी मरळ जवळजवळ कोळशासारखा असतो, आणि त्याच जातीचा मासा गढूळ, मातकट पाण्याच्या बांधीत फिकट पिवळसर दिसतो. बादलीत टाकल्यावर घाबरलेल्या माशाचे पट्टे काही मिनिटांत फिके पडतात. मेल्यावर तर ठिपके आणि पट्टे एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे बाजारात बर्फावर ठेवलेल्या मरळाची जात रंगावरून ठरवणे बहुतेक वेळा चुकते.

हे मला पहिल्यांदा नीट समजावले ते आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, एका वयस्कर बाईंनी. बोडीतला फसलेला माल मी त्यांच्याकडे दाखवायला नेला होता आणि पट्ट्यांकडे बोट दाखवून विचारत होतो. त्यांनी मासा माझ्या हातातून घेतला, ओल्या फडक्यात धरला, अंगठ्याने पाठीवरचा पर उभा केला आणि म्हणाल्या, "रंग तर पान्याचा असते भाऊ. पर मोजा." मग नखाने एकेक काडी बाजूला सारत त्यांनी मोजले आणि तीसवर एक झाल्यावर हात थांबवला. पुस्तकात जे काड्यांचे कोष्टक सापडते, ते त्या बाईंच्या नखाखाली होते.

तयारी

जिवंत मासा तपासायचा असेल तर झाकण असलेली बादली, एक ओले सुती फडके, पांढरे ताट, मोजपट्टी, टाचणी किंवा शिवणाची सुई आणि मोबाईलची बॅटरी एवढे पुरे. बादली काठोकाठ भरू नये. मरळ कल्ल्यांबरोबरच डोक्यातल्या एका पोकळीच्या साहाय्याने थेट हवा घेतो आणि त्याला अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. झाकणापर्यंत पाणी भरले तर हा पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच गुदमरतो. जाळ्यात अडकून खाली राहिलेले मरळ मेलेले सापडतात, त्याचे कारण हेच. बादलीत वीतभर पाणी आणि वर वीतभर हवा ठेवावी, आणि झाकण लावावे, कारण हा मासा उडी मारण्यात पटाईत असतो.

हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेल्या माशाला पुढे बुरशी लागण्याचा धोका असतो. डोळ्यांवर ओले फडके टाकले की बहुतेक मरळ शांत होतात. मोजणीला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर मासा मध्येच पाण्यात सोडून पुन्हा घ्यावा.

पाठीवरच्या पराच्या काड्या

हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि बाकीचे सगळे सोडून एकच करायचे असेल तर हे करावे. मासा पांढऱ्या ताटात आडवा ठेवा, पाठीवरचा पर बोटांनी हलकेच उभा ताणा आणि मागून बॅटरीचा उजेड टाका. पर अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे आतल्या काड्या उजेडात काळ्या रेघांसारख्या स्पष्ट दिसतात. डोक्याच्या बाजूने सुरुवात करून टाचणीच्या टोकाने एकेक काडी मोजत जा. पहिल्या एक-दोन काड्या आखूड असतात आणि कातडीत दडलेल्या असतात, त्या सुटू देऊ नका. शेवटच्या दोन काड्या पुष्कळदा एकाच बुंध्यातून निघालेल्या असतात; त्या एकच धराव्यात. दोनदा मोजावे, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला तर तिसऱ्यांदा.

आता आकड्यांचा अर्थ. ठिपक्यांच्या मरळाच्या पाठीवरच्या परात २८ ते ३३ काड्या असतात. बुटक्या मरळात ३२ ते ३७. पट्टेरी मरळात ३७ ते ४६. फूल मरळात ४५ ते ५५. म्हणजे ३१ आल्या तर मासा ठिपक्यांचा आहे, ४१ आल्या तर पट्टेरी आहे, आणि ५० आल्या तर फूल मरळाखेरीज दुसरे काही असू शकत नाही. अडचण येते ती हद्दीवर, म्हणजे ३२-३३, ३७ आणि ४५-४६ या आकड्यांवर, कारण तिथे दोन जातींचे आकडे एकमेकांवर येतात. अशा वेळी पुढच्या पायऱ्या लागतात.

काड्यांच्या या मोजणीचे सर्वांत मोठे बळ असे की, माशाचे पर एकदा पूर्ण तयार झाले की काड्यांची संख्या आयुष्यभर तीच राहते. बोटभर पिल्लाच्या परात जेवढ्या काड्या असतात, तेवढ्याच ते हातभर झाल्यावर असतात. म्हणूनच बीज, म्हणजे सोडायची पिल्ले, विकत घेताना हीच मोजणी कामी येते.

दुसरा आकडा पोटाखालच्या, शेपटीच्या आधीच्या लांब पराचा. ठिपक्यांच्या आणि बुटक्या मरळात या पराच्या काड्या विशीत असतात, साधारण २० ते २३. पट्टेरी मरळात २३ ते २९ आणि फूल मरळात २८ ते ३६. पाठीवरच्या पराचा आकडा ४५ आला आणि खालच्या पराचा २६ आला, तर मासा पट्टेरी आहे. खालचा ३२ आला तर फूल मरळ. दोन आकडे एकत्र वाचले की हद्दीवरचे बहुतेक मासे आपापल्या बाजूला जातात.

खवले

अंगावरच्या खवल्यांच्या रांगेत कल्ल्याच्या झाकणापासून शेपटीपर्यंत मध्यभागी एक बारीक रेघ जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला छिद्र असते आणि माशाला पाण्यातली हालचाल त्यातून कळते. मरळात ही रेघ सरळ जात नाही. थोडे अंतर गेल्यावर ती एक-दोन रांगा खाली उतरते आणि मग पुढे जाते. मोजणारा इथेच चुकतो. रेघ खाली उतरली की आपणही तिच्याबरोबर खाली उतरायचे आणि पुढचा खवला मोजायचा, वरच्या रांगेत पुढे जायचे नाही. ठिपक्यांच्या मरळात या रेघेवर ३७ ते ४० खवले असतात, बुटक्यात चाळिशीच्या आसपास, पट्टेरीत ५० ते ५७ आणि फूल मरळात ६० ते ७०. पट्टेरी आणि फूल मरळ यांच्यात शंका असेल तर ही मोजणी निर्णायक ठरते, कारण दोघांच्या आकड्यांमध्ये मोकळी जागा आहे.

मोठ्या माशावर ही मोजणी सहज होते, लहानावर नाही. घाईत असाल तर डोक्यावरचे खवले पाहावेत. डोक्याच्या मधल्या रेघेवर पाठीवरच्या पराच्या सुरुवातीपर्यंत मोठ्या दोन जातींत १६ ते २० खवले बसतात, तर लहान दोन जातींत सुमारे १२. डोळ्यापासून गालाच्या हाडाच्या कोनापर्यंतही मोठ्यांत खवल्यांच्या नऊ-दहा रांगा असतात आणि लहानांत फक्त चार-पाच. म्हणजे लहान जातीच्या डोक्यावरचे खवले आकाराने मोठे आणि संख्येने कमी दिसतात. सराव झाला की मोजावेही लागत नाही. गालावर थोड्या मोठ्या चकत्या की बारीक खवल्यांची दाट वीण, हे नजरेला लगेच कळते.

पोटाखालच्या परांची लांबी

ठिपक्यांचा आणि बुटका मरळ यांच्यात भेद करणे सर्वांत अवघड, आणि त्याच दोघांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दोघेही लहान, दोघांच्याही अंगावर काहीतरी नक्षी, दोघेही बांधीच्या चिखलात सापडणारे. इथे पोटाखालचे पर उपयोगी पडतात. मासा उलटा करून छातीजवळचा बाजूचा पर आणि त्याच्या खाली पोटावर असलेला छोटा पर, हे दोन्ही शेजारी शेजारी अंगालगत चपटे ठेवा. ठिपक्यांच्या मरळात पोटाखालचा पर छातीच्या पराच्या सुमारे पाऊण लांबीचा असतो. बुटक्या मरळात तो अर्ध्याहूनही आखूड असतो. हे मोजपट्टीशिवाय, बोटाच्या पेरानेही कळते.

बुटक्या मरळाच्या छातीच्या परावर एकामागोमाग एक गडद वक्र पट्टे असतात, जणू पंख्यावर रांगोळीच्या कमानी काढल्या आहेत. जिवंत माशात परांच्या कडा अनेकदा केशरी असतात. ठिपक्यांच्या मरळात या कमानी नसतात. इथे रंगाचा आधार घेत आहे, पण तो पराच्या लांबीच्या पाठीशी उभा आहे म्हणून. बुटक्या मरळाच्या नावाखाली खरे तर अनेक जवळच्या जाती असाव्यात, असे अभ्यासक मानतात, तेव्हा डोंगराच्या नाल्यातल्या माशाचे आकडे बांधीतल्या माशाशी तंतोतंत जुळले नाहीत तर गोंधळून जाऊ नये, पण आकडा मात्र नोंदवून ठेवावा.

अंगावरच्या खुणा, सर्वांत शेवटी

मोजणी झाल्यावरच खुणा पाहाव्यात, म्हणजे डोळ्याने आधीच ठरवलेले हातांना मोजायला लागत नाही. फूल मरळाच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, फिकट किंवा केशरी कडा असलेला एक काळा गोल डाग असतो. मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा हा डाग लहान वयात फार ठळक असतो आणि मोठ्या माशात पुसट होऊ शकतो. शरीराच्या बाजूला मोठे काळे धब्बे ओळीने असतात, आणि वाढलेल्या माशाच्या अंगावर पांढरे मोत्यासारखे ठिपके विखुरलेले दिसतात.

पट्टेरी मरळाच्या खालच्या निम्म्या अंगावर तिरपे गडद पट्टे असतात आणि पोट पांढरे किंवा पिवळसर असते. शेपटीवर डोळा नसतो. ठिपक्यांच्या मरळाच्या अंगावर बारीक काळे ठिपके असतात, पण तरुण माशात काही मोठे धब्बे पट्ट्यांसारखे जुळून येतात, आणि माझी फसगत नेमकी त्यामुळेच झाली. लहान बुटक्या मरळाच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला एक डोळ्यासारखा डाग असतो. तो परावर असतो, शेपटीच्या मुळाशी नाही. हा फरक लक्षात राहिला तर बुटका मरळ फूल मरळ म्हणून विकला जाणार नाही.

पिल्लांच्या थव्यावरून

पावसाळ्यात तलावाच्या काठाशी, पाणवनस्पतींच्या मोकळ्या खिडकीत, शेकडो पिल्लांचा थवा एकदम वर येतो, हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. हे दृश्य ज्याने पाहिले त्याला विसरता येत नाही. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांची चादर उकळल्यासारखी दिसत असेल, तर ती पट्टेरी मरळाची असण्याची शक्यता अधिक. पिल्ले काळपट असून प्रत्येकाच्या अंगाच्या बाजूने केशरी-पिवळा लांब पट्टा असेल, तर फूल मरळाची. या दोन्ही जातींत आई-बाप पिल्लांखाली पहारा देतात. बुटक्या मरळाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात ठेवून सांभाळतो, त्यामुळे त्याचा असा थवा सहसा दिसत नाही, आणि या दिवसांत तोंड फुगलेला, न खाणारा छोटा मरळ जाळ्यात आला तर त्याला लगेच पाण्यात सोडावे.

थवा पाहून खाली गळ टाकणारे लोक आहेत, कारण पहारा देणारा मासा जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. त्याला पकडल्यावर थव्याचे रक्षण करणारे कोणी उरत नाही आणि थोड्या दिवसांत तिथे पिल्ले दिसत नाहीत. ओळख पटवण्यासाठी त्याला बाहेर काढायची गरजही नाही. काठावर शांत बसून पिल्लांचा रंग पाहिला आणि वर येणाऱ्या मोठ्या माशाच्या शेपटीवर डोळा आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

बीज घेताना

बोटभर पिल्लांची पिशवी समोर आली की त्यातली आठ-दहा पिल्ले वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काढून पांढऱ्या वाटीत घ्यावीत. वरून पाहिलेल्या एकाच पिल्लावरून निर्णय करू नये, कारण रानातून गोळा केलेल्या बिजात जाती मिसळलेल्या असतात. प्रत्येक पिल्लू ओल्या काचेवर किंवा पारदर्शक डब्याच्या झाकणावर आडवे घालून खालून बॅटरी धरावी आणि भिंगाने पर पाहावा. भिंग नसेल तर मोबाईलने जवळून फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून मोजावे. ही रीत मी आता नेहमीच वापरतो, कारण पिल्लाला हवेत फक्त दहा-पंधरा सेकंद राहावे लागते आणि मोजणी नंतर निवांत करता येते. तीसच्या आसपास काड्या आल्या तर ते पट्टेरी मरळाचे बीज नाही, मग विकणारा काहीही म्हणो.

मरळ कोणताही असला तरी तो मांसाहारी आहे आणि रोहू, कटला, मृगळ यांच्या लहान पिल्लांवर तो ताव मारतो, हे तलाव ठेक्याने घेणाऱ्या संस्थेने विसरू नये. लहान जाती बोडीत चुकून आल्या तर त्या हुसकणेही सोपे नसते, कारण मरळ ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या बांधीत जातो, आणि उन्हाळ्यात पाणी आटले तरी ओल्या चिखलात दबून राहून पहिल्या पावसाची वाट पाहतो. म्हणून मोजणी बोडीत सोडण्याआधीच व्हायला हवी.

नोंद

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला, त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. राज्याचे जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत माशांच्या रकान्यात नुसते 'मरळ' एवढेच लिहिलेले आहे, आणि त्यातून आपल्या तलावात फूल मरळ अजून उरला आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून नोंद करताना तारीख, पाण्याचे नाव, माशाची लांबी, पाठीवरच्या पराच्या आणि खालच्या पराच्या काड्या, पार्श्वरेषेवरचे खवले आणि स्थानिक नाव एवढे लिहावे. तीन फोटो ठेवावेत: बाजूने पूर्ण मासा शेजारी मोजपट्टीसह, डोके वरून, आणि पोटाखालचे पर. आकडे हद्दीवर पडले आणि दुसरी खूण जुळली नाही, तर 'मरळ, जात अनिश्चित' असे लिहून आकडे तसेच ठेवावेत. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद पुढच्या माणसाच्या अधिक उपयोगाची आहे. गावातल्या ढिवर मंडळींना हे आकडे विचारले तर बरेचदा त्यांच्याकडे आधीच उत्तर असते, फक्त ते कोणी लिहून घेतलेले नसते.

यंदा मृगाच्या आधी मी पुन्हा बीज घेतले. पिशवीतून काढलेल्या दहा पिल्लांपैकी नऊ जणांच्या पाठीवरच्या परात ३९ ते ४३ काड्या निघाल्या. दहाव्याच्या ३१ निघाल्या, तेव्हा मी उरलेली पिल्लेही ताटात घेऊन एकेक पाहिली. सकाळचे अकरा वाजले होते तेव्हा सुरुवात केली आणि उन्हे उतरेपर्यंत ते काम चालले. ठिपक्यांच्या मरळाची चौदा पिल्ले वेगळी निघाली, ती शेजारच्या नाल्यात सोडली, आणि बाकीची बोडीत.